भावाच्या हातचा खिळा

मी तोंडाची गोड बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. खाणीवरची माणसं माझ्या मागे मला मिरची म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. पण जे झालं ते मी जसं पाहिलं तसंच सांगणार, आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणूनच सांगणार.

आमचा धंदा नालबंदीचा. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आत कोळशाची भट्टी, ऐरण आणि चामड्याचा भाता. भाता मी ओढते. आमचे हे नाल ठोकतात. धाकटे भावजी जनावराचा पाय मांडीवर धरतात, आणि खिळ्यांची टोकं खुराबाहेर आली की ती पकडीने मुरडून वर कानस मारतात. लग्न होऊन आले तेव्हापासून, बावीस वर्षं, हे असंच चाललेलं.

नालबंद खिळे ठेवतो तोंडात. एका नालाला सहा खिळे. एक हात हातोडीला, एक नालाला, तिसरा हात देवाने दिलेला नाही. आणि नुसते ठेवायचे नसतात. नालाच्या खिळ्याची एक बाजू सपाट असते, दुसरी टोकाशी तासलेली. तासलेली बाजू आत ठेवून ठोकला की खिळा वळत वळत खुराच्या कडेतून बाहेर निघतो. उलटा ठोकला तर आत शिरतो, जिवंत मांसात. ही बाजू ह्यांच्या जिभेला कळायची. बोलता बोलता जिभेने खिळा फिरवायचे आणि ओठांतून नेमका सुलटा बाहेर काढायचे. मी नवी नवरी होते तेव्हा ते बघून मला हसू यायचं.

या वर्षी ऊन तापायच्या आधीच नदीवरच्या पुलाचं काम निघालं. खाणीने दगडाच्या खेपा दुप्पट केल्या. चाळीस खेचरं, सगळ्यांचे नाल आमच्याकडेच, आणि रस्ता सगळा खडीचा. दीड महिना टिकणारा नाल तीन आठवड्यांत पत्र्यासारखा पातळ व्हायला लागला. सकाळी सातला शेडपुढे रांग लागायची. भट्टीची धग आणि वर पत्रा तापलेला, भाता ओढून माझी काख सोलून निघायची.

त्याच दिवसांत एकदा ह्यांनी तोंडातून खिळा काढला आणि त्याला रक्ताची तार आली. ह्यांनी ती विजारीला पुसली आणि खिळा ठोकला. मी म्हटलं, "हे काय?"

"हिरडी चिरली असेल."

"कालही चिरली होती?"

"तू भाता ओढ."

मग रोजचंच झालं. हिरड्या सुजून जांभळ्या पडल्या. उशीवर सकाळी लाल डाग. तोंडाला वास यायला लागला, आणि तो त्यांना स्वतःलाही कळत होता, कारण ते माझ्याशी बोलताना तोंड भिंतीकडे फिरवायचे. खाणीचा मुकादम एकदा त्यांच्याशी बोलता बोलता रुमाल नाकाला लावून दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, "नालबंद, तोंडात काय मेलंय तुझ्या?" रांगेतली माणसं हसली. भावजीही हसले. मला ते हसू आवडलं नाही, पण मी म्हटलं, जाऊ दे, माणूस चारचौघांत हसतो.

जो तो औषध सांगायचा. मिठाच्या गुळण्या, तुरटी, लवंग. सगळ्यांचं एकच म्हणणं, खिळ्याच्या गंजाने झालं. मलाही तेच वाटायचं. ह्यांनी ठणक दाबायला तंबाखू वाढवली आणि घासताना रक्त येतं म्हणून दात घासणं सोडलं. दुपारी जेवून घटकाभर आडवे झाले की दातावर दात घासल्याचा आवाज यायचा, करकर करकर, जातं फिरवल्यासारखा. मी हलवून उठवलं की कावरेबावरे होऊन बघायचे. "काही नाही," म्हणायचे. सहा महिने मी मऊ भात आणि पातळ डाळ रांधत होते, आणि तोही घास हे एका गालाने गिळायचे.

एका सकाळी सहा खिळे तोंडात घेतले आणि तसेच तळहातावर थुंकले. डोळ्यांत पाणी आलं होतं. चार माणसांसमोर, हातावर लाळ, रक्त आणि सहा खिळे.

भावजी म्हणाले, "दादा, तोंडात नको घेऊस. मी देतो एकेक हातात. सुलटा करून देतो."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या दिवशी मी भावजींना दोनदा वाढलं.

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. डबा भावजींच्या मांडीशी, ते बोटाने बाजू चाचपून खिळा द्यायचे, हे न बघता लावायचे आणि ठोकायचे. न बघता, कारण आमच्या घरात तशी रीतच होती. माझे सासरे सांगायचे म्हणे, भावाच्या हातचा खिळा तपासायचा नाही. तपासलात तर धंदा दोन ठिकाणी झाला असं समजा. सासऱ्यांनी आयुष्यभर त्यांच्या भावाचा खिळा तसाच घेतला होता.

पण तोंड काही बरं होईना. शेवटी मी एक दिवस शेड बंद ठेवायला लावली आणि ह्यांना बसमध्ये घालून शहराच्या दवाखान्यात नेलं. दातांची डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. तिने नाकावर रुमाल धरला नाही, तिथेच माझा तिच्यावर जीव बसला. दिवा लावून, बारीक सळईने एकेका दाताची हिरडी मोजत तिने बराच वेळ पाहिलं.

"हिरड्या दातांपासून सुटल्यात," ती म्हणाली. "खालच्या दोन दाढा बहुतेक काढाव्या लागतील. बाकीचे दात वाचतील, पण चार-पाच खेपा घालाव्या लागतील. झोपेत दात खाता का?"

"जागेपणीही खातात," मी म्हटलं.

"दिसतंय. दाढा झिजून सपाट झाल्यात."

"गंजाने ना, बाई?"

"गंजाने नाही. तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात. दात न घासणं, तंबाखू, हे तर आहेच. पण माणूस सतत कसल्या तरी ताणात असला की झोप जाते, अंगातली लढायची ताकद कमी होते, हिरडीला लागलेलं भरून येत नाही. जबडा आवळून आवळून दात आणखी हलतात. ताणानेच झालं असं नाही म्हणत मी. पण तो असेल तर माझं औषध निम्मंच लागू पडेल." मग तिने ह्यांच्याकडे बघून विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?"

मी म्हणणार होते, कसलं टेन्शन, काम भरपूर आहे, भाऊ भावासारखा आहे. तेवढ्यात हे छताकडे बघत बोलले.

"दोन वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ खाणीच्या मुकादमाकडे गेला होता. म्हणाला, दोन भाऊ कशाला पोसता, काम माझ्या एकट्याच्या नावावर करा, दादाचं वय झालं. मुकादमाने मलाच येऊन सांगितलं, हसत हसत. म्हणाला, बघ, तुझ्या घरात काय शिजतंय. तेव्हापासून मी रोज वाट बघतो, आज होईल की उद्या होईल."

डॉक्टरीण म्हणाली, "हे कोणाशी बोललात?"

"तुमच्याशीच."

मी तिथेच खुर्चीवर बसले होते. माझ्या मांडीवर त्यांची टोपी होती. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत जाऊबाईच्या बाळंतपणात मी पंधरा दिवस तिचं सगळं केलं. भावजींना रोज दुपारी माझ्या हाताने वाढलं, "अजून घ्या ना" म्हणून आग्रह केला. आणि माझ्या नवऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. तो समोर बसून एका गालाने भात गिळत होता. एका परक्या पोरीला जे सांगितलं ते मला सांगायला ह्यांना तोंड नव्हतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू भांडली असतीस."

"भांडलेच असते. त्यासाठीच सांगायचं असतं."

"भांडलीस की घर फुटलं असतं. तो परत गेला नाही मुकादमाकडे. जुनी गोष्ट आहे."

"जुनी असती तर दाढा सपाट झाल्या नसत्या. आणि खिळे? उद्यापासून त्यांच्या हातचे खिळे घेणार?"

"तपासायला लागलो तर त्याला कळेल की मला माहीत आहे." मग म्हणाले, "तू एक शब्द बोलायचा नाहीस. माझ्या गळ्याची शपथ."

मी शपथ पाळली. आयुष्यात एवढी जड गोष्ट मी उचलली नाही. भावजींना ताट वाढताना तोंडाला मी कुलूप घातलेलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी करडी आली. करडी म्हणजे खाणीतलं म्हातारं खेचर, मादी, राखाडी रंगाची, अंगाने भली मोठी आणि स्वभावाने गाय. नाल ठोकताना ती माझ्या पदराला नाक घासायची. दुपारची वेळ, जेवायच्या आधीचं शेवटचं जनावर. मी भात्याशी होते, पाठ त्यांच्याकडे. हातोडीचे ठोके ऐकू येत होते. मध्येच करडीने पाय झाडला आणि भावजी "ए, गप" म्हणाले. एवढंच मला ऐकू आलं. मग कानशीचा आवाज, आणि करडी गेली.

चौथ्या दिवशी मुकादम स्वतः आला. मागून दोन माणसं करडीला घेऊन येत होती. ती तीन पायांवर चालत होती आणि चौथा पाय नुसता जमिनीला टेकवून उचलत होती. मान खाली. खूर कढत झालेला, वरची कातडी सुजलेली. ह्यांनी नाल काढला. पाच खिळे सरळ निघाले. सहावा ओढला तसा मागून काळा पू आला आणि करडी माणसासारखी कण्हली.

मुकादमाने तो खिळा उचलून बघितला. त्यालाही एवढं कळत होतं. "उलटा आहे," तो म्हणाला. "कोणी ठोकला?"

"मी," हे म्हणाले.

एवढं बोलून ह्यांनी भावजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. शेडपुढे पाच-सहा माणसं होती, तीही पाहत होती. भावजींनी एवढंच म्हणायचं होतं, खिळा मी दिला, चुकला. चूक कोणाची होत नाही? मुकादमाने शिव्या दिल्या असत्या, आम्ही करडीचं औषधपाणी केलं असतं, संपलं असतं.

भावजी म्हणाले, "दादाचं तोंड दुखतं हो. लक्ष नसतं त्याचं. मी कधीचा सांगतोय, विश्रांती घे म्हणून."

माझी शपथ तिथे संपली. मी भाता सोडून पुढे आले. "खिळे डब्यातून कोण देतं? तुम्ही देता. आणि टोकं कोण मुरडतं? उलटा खिळा आत गेला, म्हणजे त्याचं टोक बाहेर आलंच नसणार. सहापैकी पाचच टोकं होती. कानस मारताना दिसलं नाही तुम्हाला?"

"मला वाटलं, टोक मोडलं असेल."

"बावीस वर्षांत कधी मोडलं होतं?"

भावजी माझ्याकडे न बघता मुकादमाकडे बघून बोलले. "वहिनी, नालबंदाने खिळा बघून ठोकायचा असतो. दुनियेत सगळीकडे असंच आहे."

आणि हेच खरं होतं. दुनियेत सगळीकडे असंच आहे. न बघता ठोकायची रीत फक्त आमच्या घराची, आणि ती मुकादमाला सांगून काय कळणार? तरी मी सांगितलं. छातीवर हात ठेवून सांगितलं, "हा माणूस भावाच्या हातचा खिळा कधी तपासत नाही. त्या दिवशीही तपासला नाही. त्याला माहीतच नव्हतं. माझ्या लेकरांची शपथ घेऊन सांगते." मी पाहिलं नव्हतं, माझी तर पाठ होती. पण बावीस वर्षांच्या संसाराच्या जोरावर मी लेकरांची शपथ घेतली. मुकादम खुरातल्या पुवाकडे बघत होता. हे मान खाली घालून करडीचा पाय धरून बसले होते. मला वाटलं, लाज वाटली असेल भावाची.

दुसऱ्या सोमवारपासून खाणीचं सगळं काम भावजींच्या नावावर झालं. त्यांनी खाणीच्या फाटकाशी नवी शेड टाकली, हवा फुंकायला विजेचा पंखा लावला. वेगळं बिऱ्हाड करून निघताना जाऊबाईने मला नमस्कार केला आणि मी तो घेतला नाही. करडीचा खूर मी रोज गरम पाण्यात शेकून बांधत होते. पंधरा दिवसांनी खाणीवाल्यांनी तिला विकून टाकली. लंगडं खेचर कोण कशाला घेतं ते मी विचारलं नाही.

आमच्या शेडला रस्त्याने जाणारं एखादं घोडं मिळायचं, आठवड्याला दोन, कधी तीन. मग मी खाणीवर खडी फोडायला जायला लागले, त्याच मुकादमाच्या हाताखाली. सकाळी आठ ते सहा. पहिल्या आठवड्यात डाव्या हाताचं नख गेलं. दगडाची कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून जाळीचा चष्मा देतात, तो घामाने घसरतो. फाटकातून आत जाताना उजव्या हाताला भावजींची शेड लागायची. ते खाली मान घालून काम करायचे. मी मान खाली घालत नव्हते. मनात म्हणायचे, माझ्या नवऱ्याला फसवलंस रे, भोळ्या माणसाला फसवलंस. त्या रागावर माझा दिवस निघायचा. खरं सांगते, त्या दोन महिन्यांत माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, फक्त हा राग आणि हा भोळा माणूस.

ह्यांच्या दवाखान्याच्या खेपा चालूच होत्या. दोन दाढा काढल्या. तंबाखू सुटली. सकाळ-संध्याकाळ दात घासायला लागले. शेवटच्या खेपेला मी एक दिवस खाडा करून सोबत गेले.

डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या हातात आरसा दिला. "बघा, गुलाबी झाल्यात. रक्त नाही, सूज नाही. खरं सांगू, मला एवढ्या लवकर अपेक्षा नव्हती. झोप लागते?"

"लागते. गाढ लागते."

"ते जे मनात होतं, त्याचं काय झालं?"

"जे व्हायचं होतं ते होऊन गेलं," हे म्हणाले. "आता वाट बघायची राहिली नाही."

बस यायला वेळ होता. स्टँडच्या बाकावर बसलो. ह्यांनी भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेतली. आठ-नऊ महिन्यांनी माणूस कडक काही चावून खात होता. मला बरं वाटलं, का नाही वाटणार? मी म्हटलं, "सावकाश खा."

"एक सांगू?" ते म्हणाले.

"सांगा."

"तो खिळा मी पाहिला होता."

मला आधी कळलंच नाही. "कुठला?"

"करडीचा. हातात आला तेव्हाच बोटांना कळलं, उलटा आहे. त्याने मुद्दाम दिला की चुकून, ते मला अजूनही माहीत नाही. पण देऊन झाल्यावर त्याचं त्याला कळलं. त्याने खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिळा लावला आणि हातोडी वर धरून थांबलो. म्हटलं, बघू, थांबवतो का. एकदा 'दादा' म्हणाला असता तरी पुरे होतं. नाही म्हणाला. मग मी मारला."

"मारला?"

"दोन वर्षं मनात होतं ना, हा मला घालवेल की नाही घालवेल. एकदा कळायला हवं होतं. कळलं. त्या दिवसापासून झोप लागली बघ."

ते चावत होते. मी त्यांच्या जबड्याकडे बघत होते.

"आणि करडी?" मी विचारलं.

त्यांनी पुडीत बघितलं.

"आणि मी? मी लेकरांची शपथ घेतली चारचौघांत, तुम्हाला माहीतच नव्हतं म्हणून. तुम्ही तिथेच बसला होता."

"तेव्हा काय बोलणार? बोललो असतो तर आम्हा दोघा भावांचंही काम गेलं असतं."

"मग आता का सांगितलंत?"

"डॉक्टरीणबाई मागच्या खेपेला म्हणाल्या, मनात ठेवू नका. तेवढंच राहिलं होतं." त्यांनी माझ्यापुढे पुडी धरली. "आता अगदी हलकं वाटतंय."

मी माझे हात पदराखाली घेतले. दोन महिने खडी फोडून बोटं वळत नव्हती. ज्या माणसासाठी मी रोज त्या फाटकातून ताठ मानेने जात होते, त्याने बाजू ओळखून, थांबून, मग हातोडी मारली होती. एका जनावराच्या पायावर आणि माझ्या भाकरीवर. भावजींनी निदान मला खोटी शपथ घ्यायला लावली नव्हती.

"भावजींनी तुम्हाला फसवलं," मी म्हटलं. "मला तुम्ही फसवलंत. दोनदा."

ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात बस आली. त्यांनी धावत जाऊन खिडकीशी दोघांची जागा धरली आणि हात करून मला बोलावलं. मी गेले नाही. दाराजवळचा खांब धरून उभी राहिले. शहराची हद्द संपेपर्यंत ते मागे वळून बघत होते, "ये ना, जागा आहे" म्हणत होते. मग त्यांनी खिडकीला डोकं टेकलं आणि त्यांना झोप लागली. तोंड किंचित उघडं, जबडा सैल पडलेला, कुठे करकर नाही. शेजारची बाई मला म्हणाली, "बसा की, तुमचंच माणूस आहे ना ते?" मी तो खांब सोडला नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मला खडीवर हजर व्हायचं होतं.